टेक्सासमधले मिनरल राइट्स विकायला निघालात? आधी या चुका टाळा

लग्न टेक्सासमधल्या कुटुंबात झालंय आणि सासूबाईंच्या पश्चात रीव्ह्ज नाहीतर मार्टिन काउंटीतले थोडे मिनरल्स (म्हणजे जमिनीखालच्या तेल-गॅसवरचा हक्क) वाट्याला आलेत, किंवा कुणी पूर्वी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेत, आणि आता घरी पत्रं यायला लागलीयत की आम्ही विकत घेतो, एकराला इतके डॉलर देतो, सही करून पाठवा. अशा वेळी आपल्या लोकांची पहिली अडचण ही की हा प्रकारच नवा असतो. महाराष्ट्रात सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क सर्वसाधारणपणे राज्य सरकारचा, त्यामुळे जमिनीखालचं तेल विकायचा प्रश्न आपल्याकडे कुणाला पडतच नाही. टेक्सासमध्ये मात्र वरची जमीन एकाची आणि खालचं तेल-गॅस दुसऱ्याचं हे सर्रास चालतं, आणि दोन्ही वेगवेगळं विकता येतं. म्हणून दोन उलटसुलट गैरसमज होतात: रँच घेतलं म्हणजे खालचं तेलही आपलंच असं धरून चालायचं (आधीच्या एखाद्या विक्रेत्याने पन्नास वर्षांपूर्वीच ते स्वतःकडे राखून ठेवलेलं असू शकतं), आणि दुसरा म्हणजे जमीन आपल्या नावावर नाही तर या कागदाला काय किंमत असणार. दुसरा जास्त महाग पडतो.

एकर किती ते न मोजता भाव ऐकणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पत्रात भाव एकराचा असतो, पण तो नेट मिनरल एकरचा असतो (म्हणजे मूळ जमिनीच्या मिनरल्सपैकी तुमच्या वाट्याचे एकर), आणि तुमच्याकडे ते किती आहेत हे तुम्हालाच माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. समजा मूळ जमीन १६० एकर, आजोबांनी अर्धे मिनरल्स कधीतरी विकून टाकले म्हणजे राहिले ८०, त्याचे चार वारस, तर तुमचे नेट २० एकर. आता ही जमीन १,२८० एकरच्या युनिटमध्ये (एकत्र ड्रिलिंगसाठी जोडलेल्या जमिनींमध्ये) गेली आणि लीजमध्ये (तेल काढायला कंपनीला दिलेल्या करारात) रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातला मालकांचा वाटा, २० टक्के असली, तर तुमचा हिस्सा २० भागिले १,२८० गुणिले ०.२०, म्हणजे ०.००३१२५. कंपनीकडून येणाऱ्या डिव्हिजन ऑर्डरवर (कुणाला किती वाटा ते लिहिलेल्या कागदावर) हाच दशांश दिसायला हवा, नाही दिसला तर विकायचं सोडा, आधी तो फरक का आहे ते शोधा.

आणि रॉयल्टीचा दर बघायलाच हवा. जुन्या लीज एक अष्टमांशच्या, म्हणजे १२.५ टक्क्यांच्या असतात, पर्मियनमधल्या (पश्चिम टेक्सासच्या मोठ्या तेलक्षेत्रातल्या) नव्या लीजमध्ये २५ टक्केही मिळतात. तेच २० एकर, तीच विहीर, पण एकाला दुसऱ्याच्या दुप्पट पैसे. म्हणून खरेदी करणारे लोक नेट रॉयल्टी एकरमध्ये बोलतात, ते सगळं एक अष्टमांशच्या हिशोबात आणून मोजतात, म्हणजे २५ टक्के लीजवाले तुमचे २० एकर त्यांच्या हिशोबात ४० होतात. समोरचा नेट मिनरल एकर म्हणतोय की नेट रॉयल्टी एकर, हे लेखी विचारा. फोनवर हे हमखास गडबडतं.

कालचा चेक बघून किंमत ठरवणं

शेल विहिरीचं (घट्ट खडकात फ्रॅकिंग करून, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडून, तेल काढणाऱ्या विहिरीचं) उत्पादन पहिल्या वर्षातच अर्ध्याच्या खाली येतं, बऱ्याचदा त्याहूनही जास्त पडतं. वरच्या दशांशाने, युनिटमधल्या विहिरींनी मिळून महिन्याला ३०,००० बॅरल काढले आणि भाव ७० डॉलर असला तर टॅक्स आणि कपात धरायच्या आधी तुमचे साधारण ६,५६० डॉलर होतात, उत्पादन १०,००० वर आलं की २,१९० च्या आसपास. त्यामुळे पहिल्या तीन-चार चेकवरून वर्षाचा हिशोब मांडून "यांनी फारच कमी ऑफर दिली" म्हणणं चूक, आणि विहीर उताराला लागल्यावर "आता काही उरलं नाही" म्हणून मिळेल त्या भावात देऊन टाकणं हीसुद्धा तितकीच मोठी चूक, कारण पर्मियनमध्ये थर एकावर एक आहेत, स्प्रेबेरी, वुल्फकँप, बोन स्प्रिंग, आणि आज एका थरातून तेल निघत असलं तरी बाकीच्यात अजून ड्रिलिंग व्हायचं असू शकतं. माझ्या मते खरी किंमत बहुतेक वेळा या न खोदलेल्या विहिरींमध्येच असते आणि घेणाऱ्याची नजरही तिथेच असते.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. टेक्सास रेलरोड कमिशन (तेल-गॅसचं नियमन तेच करतं) च्या साइटवर तुमच्या लीजचं महिन्यामहिन्याचं उत्पादन आणि आसपास मंजूर झालेले ड्रिलिंग परमिट दिसतात. पत्र आल्यावर मी सांगेन ती पहिली गोष्ट हीच, नकाशा उघडा आणि तुमच्या युनिटमध्ये नुकतं परमिट पडलंय का बघा. पडलं असेल तर पत्र आताच का आलं ते कळेल.

रॉयल्टी थांबली म्हणून घाबरून विकणं

चेक यायचा बंद झाला म्हणजे विहीर संपली असं नाही. शेजारच्या विहिरीचं फ्रॅकिंग चालू असेल तर जुनी विहीर काही दिवस मुद्दाम बंद ठेवतात. ऑपरेटर (विहीर चालवणारी कंपनी) बदलला असेल, वारसाहक्काचे कागद अपुरे म्हणून तुमचे पैसे सस्पेन्समध्ये (कंपनीकडे अडकून) पडले असतील, किंवा रक्कम १०० डॉलरच्या खाली असल्यामुळे साठवून ठेवत असतील. ऑपरेटरच्या ओनर रिलेशन्सला फोन करून ओनर नंबर सांगा, यातलं काय ते तेच सांगतात. पत्ता बदलून बरीच वर्षं झाली असतील तर राज्याच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टीच्या (कुणी न मागितलेल्या पैशांच्या) यादीतही नाव शोधा, जुनी रॉयल्टी तिथे जाऊन पडलेली असते. गॅसचा चेक अगदी किरकोळ आला तर त्याचं कारणही वेगळं असू शकतं, २०२४ मध्ये पश्चिम टेक्सासच्या वाहा हबवर (गॅसच्या खरेदी-विक्रीच्या केंद्रावर) पाइपलाइन अपुऱ्या पडल्याने गॅसचा भाव कित्येक दिवस शून्याच्या खाली होता. अशा महिन्याच्या चेकवर किंमत ठरवू नका.

कागद न वाचता सही

पत्रासोबत कधीकधी चेकसारखा दिसणारा ड्राफ्ट आणि एक डीड (मालकी देण्याचा दस्त) येतं. ड्राफ्ट म्हणजे रोख नाही, ठरलेल्या मुदतीत टायटल (मालकी) तपासून समोरचा तो नाकारू शकतो, आणि तोवर सही केलेलं डीड तुमच्या हातात नसतं. डीडवर मिनरल डीड लिहिलंय की लीज हे बघा, लीजमध्ये मुदत असते (बहुतेक तीन वर्षं, पुढे उत्पादन चालू आहे तोवर), डीडमध्ये कायमचं जातं. आणि "या काउंटीतले माझे सर्व हक्क" असं वाक्य असेल तर ते खोडायला लावा, कारण तुम्हाला माहीतही नसलेला दुसऱ्या सेक्शनमधला तुकडा त्यात जातो. एका विशिष्ट जमिनीचं वर्णन, तुमचा किती हिस्सा, आणि कुठल्या तारखेपासूनची रॉयल्टी कुणाची, एवढं स्पष्ट हवंच. सगळं विकायची सक्तीही नाही, अर्धं विकून अर्धं ठेवणारे भरपूर आहेत आणि मला तो मार्ग बऱ्याच घरांसाठी शहाणपणाचा वाटतो.

टॅक्स शेवटी बघणं

वारसाने आलेल्या मिनरल्सची मूळ किंमत साधारणपणे ती व्यक्ती गेली त्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, म्हणजे टॅक्स फक्त त्यानंतरच्या वाढीवर. पण त्या दिवसाचं व्हॅल्युएशन हातात नसेल तर हे सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून ते विक्रीच्या आधीच करून घ्या. लीज करताना कंपनी देते तो बोनस मात्र साधं उत्पन्न म्हणून धरला जातो.

जे लोक पुण्याला, नाशिकला कायमचे परत गेलेत आणि अमेरिकेच्या टॅक्सच्या दृष्टीने नॉन-रेसिडेंट आहेत त्यांनी एक गोष्ट आधीच विचारायची: मिनरल्स अमेरिकेत स्थावर मालमत्तेत मोडतात, त्यामुळे विक्रीच्या वेळी खरेदीदार फर्प्टाखाली (परदेशी विक्रेत्याच्या स्थावर मालमत्तेवरच्या टॅक्सचा अमेरिकी कायदा) नफ्याच्या नव्हे तर पूर्ण रकमेच्या १५ टक्के कापून आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याला, भरतो. जास्त कापलेलं नंतर रिटर्न भरून मिळवता येतं, त्यासाठी टॅक्स नंबर लागतो, तो नसेल तर काढायला वेळ जातो. भारतात तुम्ही रेसिडेंट झाला असाल तर तिथल्या रिटर्नमध्येही ही विक्री दाखवावी लागते, तेव्हा दोन्हीकडचं कळणारा सीए डीडवर सही करायच्या आधीच गाठा.