घरासाठी किती रक्कम सांगावी: बैठकीआधीचा हिशेब

मराठवाड्यात घराचा सौदा आजही बहुधा बैठकीत ठरतो. ओळखीचा मध्यस्थ असतो, चहा येतो, आणि ‘आता तुम्हीच बोला’ असे म्हणून आकडा घेणाऱ्याच्या गळ्यात टाकला जातो. अशा वेळी सुचलेला आकडा बहुतेकदा विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून दोन-चार लाख वजा करून आलेला असतो; मुळात ती किंमतच अवाजवी असेल, तर या वजाबाकीला अर्थ उरत नाही. म्हणून आकडा घरी, कागदावर काढावा.

सुरुवात त्याच संकुलात किंवा गल्लीत गेल्या वर्षभरात नोंदवलेल्या व्यवहारांपासून करावी. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेतून ‘सूची क्रमांक 2’ (इंडेक्स-2), म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, पाहता येते. तिच्यात क्षेत्रफळ, प्रत्यक्ष मोबदला आणि शासकीय बाजारमूल्य दिलेले असते. रकमेचा काही भाग रोखीने दिला गेला असल्यास नोंदवलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. त्यामुळे एका नोंदीवर विसंबू नये, तीन-चार तरी पाहाव्यात. तुलना मात्र कार्पेट, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या, क्षेत्रफळावरच करावी, कारण दलालाच्या तोंडी असलेल्या ‘सुपर बिल्टअप’मध्ये जिना आणि लिफ्टचाही वाटा मिसळलेला असतो. समजा, 600 चौरस फूट कार्पेटच्या तीन सदनिका 33 लाख, 34 लाख 20 हजार आणि 34 लाख 80 हजारांना गेल्या. मधला दर चौरस फुटाला 5,700 रुपये पडतो, आणि आपण पाहिलेल्या 640 चौरस फुटांच्या सदनिकेची किंमत सुमारे साडेछत्तीस लाख होते. विक्रेता 42 लाख मागत असला, तरी आपली मोजणी येथून सुरू होते.

यातून काय वजा करायचे, हे आपल्या भागात प्रामुख्याने पाणी आणि माती ठरवतात. छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून पाणी येते, पण नळाला ते किती दिवसांआड येते हे वसाहतीगणिक बदलते. लातूरला तर 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून शक्य असल्यास घर एप्रिल-मे महिन्यांत पाहावे, बोअरचे पाणी उन्हाळ्यात टिकते का हे शेजाऱ्यांना विचारावे आणि टँकरचा वार्षिक खर्च लिहून ठेवावा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे पाया कच्चा असल्यास भिंतींना तिरक्या भेगा पडतात; त्याच भेटीत त्याही दिसतात. दुरुस्तीचा अंदाज गवंड्याकडून लेखी घ्यावा, कारण बैठकीत तोंडी तक्रारीपेक्षा कागदाला अधिक वजन असते. गुंठेवारीतील, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या भूखंडावरील, घर नियमित झालेले नसेल, तर बँका सहसा कर्ज देत नाहीत. असे घर स्वस्तात मिळाले तरी मी घेणार नाही.

आकडा फार खाली नेण्यातही अडचण आहे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरचे (शासनाच्या दरपत्रकाचे) मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. शिवाय हे शासकीय मूल्य करारातील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असल्यास, फरक 50 हजारांच्या वर जाताच, तो घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर प्राप्तिकर लागू शकतो.

वरची मर्यादा आपला खिसा ठरवतो. बँकेला घराच्या मूल्याच्या 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात कमाल 90 टक्के, तर 30 ते 75 लाखांच्या कर्जात कमाल 80 टक्केच रक्कम देता येते, आणि हे मूल्य बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो. घर 36 लाखांना ठरले, मूल्यांकनही तेवढेच आले आणि बँकेने 80 टक्के कर्ज दिले, तर स्वतःचे 7 लाख 20 हजार लागतील. 6 टक्के मुद्रांक शुल्क धरल्यास आणखी 2 लाख 16 हजार आणि नोंदणी फी 30 हजार. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे केल्यास निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.

वरील उदाहरणात दीड लाखाची दुरुस्ती निघाल्यास कमाल आकडा 35 लाखांवर येतो. बोलणी 33 लाख 40 हजारांसारख्या आकड्यापासून, नोंदी आणि गवंड्याचा कागद पुढे ठेवून सुरू करावीत. दसरा-पाडव्याच्या सुमारास विक्रेते ताठर असतात, पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक कमी असल्याने थोडे नरमतात. घर वडिलोपार्जित असल्यास बहिणींसह सर्व वारसांची संमती आहे का, हे रक्कम बोलण्यापूर्वीच विचारावे. इसार, म्हणजे सौदा ठरताना द्यायची आगाऊ रक्कम, चेकने किंवा बँकेतूनच द्यावा, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे. आणि कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकी हक्कात दोष निघाल्यास किती दिवसांत इसार परत मिळेल, हे इसार पावतीवरच लिहून घ्यावे.