घरी सोडा करताय? प्रेशर वाढवण्याआधी या चुका टाळा

सोडा नीट झाला नाही की बहुतेकांचा हात आधी रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधून येणाऱ्या गॅसचं प्रेशर ठरवणाऱ्या भागाच्या, नॉबकडे जातो. 30 पीएसआयला (हे प्रेशर मोजायचं एकक) जमलं नाही, मग 50 करू, 60 करू. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावून घरी सोडा करताना याहून घातक चूक नाही. कारण दोष बहुतेक वेळा प्रेशरमध्ये नसतोच. तो पाण्यात असतो, नाहीतर बाटलीत राहून गेलेल्या हवेत.

आधी पाणी. 4 अंशांच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी 30 अंशांच्या पाण्यात विरघळतो. प्रेशर तेच असलं तरी. मे महिन्यात माठातलं पाणी प्यायला गार लागतं, पण सोड्यासाठी ते गरमच. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पाणी असं गार असेल तर 30 ते 35 पीएसआय, म्हणजे साधारण गाडीच्या टायरएवढं प्रेशर, झणझणीत सोड्याला पुरतं.

आता हवा. बाटली पाऊण भरा आणि पाणी तोंडाशी येईपर्यंत दोन्ही हातांनी दाबा. तशीच दाबून धरून व्हॉल्व्ह असलेलं झाकण घट्ट लावा आणि रेग्युलेटरची नळी त्याला जोडा. बाटली चेपलेली, वेडीवाकडी दिसेल, तशीच हवी. गॅस सोडला की ती टक्कन फुगते आणि दगडासारखी कडक होते. मग हलवायला लागा. नळीतून सूंऽऽ आवाज येतो, म्हणजे पाणी गॅस ओढून घेतंय. अर्ध्या-एक मिनिटात आवाज बंद पडतो, तेव्हा सोडा झाला. बाटली उलटी मात्र करू नका, पाणी नळीत चढतं. गॅस बंद करून नळी काढा, बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवा, मगच झाकण हळूहळू सैल करा.

गोटी सोडावाला हँडल मारून बाटल्या फिरवतो, तोही पाण्यात गॅस मुरावा म्हणूनच. त्याच्या यंत्रात बाटल्या उघड्या फिरत नाहीत, पेटीत बंद असतात. काच फुटली तर तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात तशी पेटी नसते, तेव्हा काचेची बाटली घ्यायचीच नाही, कितीही जाड वाटली तरी. मिनरल वॉटरची पातळ बाटलीही नको. कोल्ड्रिंकचीच प्लॅस्टिकची बाटली वापरा, आणि तिला चीर, पांढरी घडी किंवा उन्हाचा पिवळेपणा दिसला की टाकून द्या.

रेग्युलेटरमध्ये फसगत फार होते. वेल्डिंगच्या दुकानात स्वस्त मिळतो म्हणून आणतात, पण त्याच्या गेजवर, म्हणजे काट्याच्या तबकडीवर, बहुधा लिटर प्रति मिनिट लिहिलेलं असतं. तो गॅसचा वेग मोजतो. बाटली बंद असताना आत किती प्रेशर चढलं हे तो सांगत नाही. 20 अंशांना सिलिंडरच्या आत सुमारे 830 पीएसआय असतं. त्यापासून बाटलीला वाचवणारी वस्तू रेग्युलेटर ही एकच, तेव्हा दोन गेजचा, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला, कार्बन डायऑक्साइडसाठीचाच घ्या. नॉब पूर्ण सैल करून सिलिंडर सावकाश उघडा आणि त्या वेळी गेजसमोर तोंड नको. जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर पान्याने नुसतं आवळत बसू नका, आधी सिलिंडर बंद करा; बहुधा वॉशर खराब झालेला असतो किंवा बसवायचाच राहिलेला असतो.

गॅस खाद्य दर्जाचाच घ्या. सिलिंडर पेसोच्या मान्यतेचा हवा (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांच्या सुरक्षेवर देखरेख करणारी ही केंद्र सरकारची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे) आणि त्याच्या चाचणीची मुदत उलटलेली नको. तो नेहमी उभा ठेवून बांधा. आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. 31 अंशांच्या वर आत द्रव राहतच नाही आणि पुढे प्रेशर झपाट्याने चढतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात याचा विसर पडून चालणार नाही. गॅस किती उरला हे गेजवरून कळत नाही. द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा.

एक हिशोब प्रत्येकाने करावा असा आहे. 2 किलो द्रवाचा साधारण 1,100 लिटर वायू होतो. 3 मीटर लांब, 3 रुंद, 2.7 उंच अशा बंद स्वयंपाकघरात तो सगळा गळला, तर हवेत त्याचं प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास जातं, आणि 4 टक्केच जिवाला धोकादायक मानले जातात. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणजे रांगणारं बाळ आधी सापडतं. काम झालं की रेग्युलेटर नव्हे, सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा, आणि खिडकी उघडी ठेवा.

कोकम, लिंबू, साखर यातलं काहीही बाटलीत आधी घालू नका. उघडताना सगळं फेसाळून वर येतं आणि झाकणातला व्हॉल्व्ह चिकटतो. ग्लासात आधी आगळ आणि साखरेचा पाक घ्या, मग ग्लास तिरका धरून कडेने सोडा ओता.