चौथा नॉब उजव्या इनपुटावर घेताना

आवाजाला एको देणाऱ्या एफव्ही-१ चिपला नॉबसाठी जागा तीनच. एको किती लांबचा, किती वेळा परतायचा आणि त्याचा खर्ज-तीव्रपणा, संपल्या तीन. झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाला मात्र चौथा लागतोच: भुताच्या वाक्याला एको भरपूर, पुढच्याच ओळीला शून्य, तोही पायाने. माइकची लाइन एकच, म्हणून चिपचा उजवा ऑडिओ इनपुट रिकामा असतो. पेडल तिथे घ्यायचं.

सोल्डरिंग, ३.३ व्होल्टचा सप्लाय, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल यावर बोलत नाही.

कपॅसिटरवर बोलतो. इनपुटाच्या तोंडाशी जो कपॅसिटर बसतो तो डीसी अडवतो. पेडलच्या पॉटचं (फिरवून कमीजास्त होणाऱ्या रोधकाचं) स्थिर व्होल्टेज पलीकडे जातच नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, त्या वेळी डोक्यात आलं नाही. घरी टेबलावर पेडल खालीवर केलं, एको हलला, मी खूश. हलवताना व्होल्टेज बदलतं, तेवढं जातं! मंडपात पेडल दाबून धरलं आणि पहिल्या शब्दातच एको विरला. भूत कोरडंच बोललं. ताडपत्रीवरून कोणीतरी ओरडलं, "कायले गा बंद केला एको?" तर, पेडल हलवून तपासू नका. दाबून धरा, वीस मोजा, एको टिकला तरच पुढे जा.

कपॅसिटर उपटून टाकायचा मोह होईल. नको. इनपुट मधल्या व्होल्टेजवर बसलेला असतो, तो सांभाळायची कटकट मागे लागते. त्यापेक्षा ५५५ टायमर चिपवर चार-पाच किलोहर्ट्झचा टोन काढा, पेडलच्या पॉटमधून कमीजास्त करून आत सोडा. टोन एसी आहे, कपॅसिटर त्याला अडवत नाही. फक्त ५५५ चा ९ व्होल्टचा चौकोनी सिग्नल सरळ देऊ नका, आधी रोधक टाकून तो एका व्होल्टच्या आसपास आणा.

प्रोग्रामात उजवा इनपुट वाचा, ॲब्सए ही उणे आकडे अधिक करणारी सूचना लावा, मग आरडीएफएक्स या फिल्टरच्या सूचनेने गुळगुळीत करा. जो आकडा मिळतो तो म्हणजे एको किती. गुणांक ०.००१ धरला तर साधारण ३० मिलिसेकंदांत पेडलचा पाठलाग होतो. पाय उचलला तरी आकडा शून्यावर येत नाही, थोडी कुरकुर उरते. ती वजा करा, नाहीतर प्रत्येक संवादाला शेपूट राहतं. वरच्या टोकाला आकडा कमी पडला तर गुणून घ्या. चिपच्या १२८ सूचनांत हे सगळं आरामात मावतं. उजवा इनपुट चुकूनही आउटपुटात मिसळू नका, नाहीतर अख्खं गाव शिटी ऐकेल.

पेडलची वायर शील्डची आणि माइकपासून लांब. हे आळशीपणाने सोडतात आणि मग टोन माइकमध्ये शिरतो म्हणून रडतात.

बाकी: जनरेटरवर एकदा चालवून पाहा. प्रोग्राम भरलेली जास्तीची २४एलसी३२ मेमरी चिप. टेप, पकड, टॉर्च.

मंडपात पोचलात की कपॅसिटर जागेवर, टोन चालू, पेडल दाबून धरायचं आणि पुन्हा वीस मोजायचे. हलवायचं नाही.