शाहू जयंतीसाठी अमेरिकेच्या यादवी युद्धाचा भित्तिपट कसा करावा

26 जूनला शाहू जयंतीनिमित्त शाळेत समतेवर काही मांडायचे असेल, तर अमेरिकेच्या यादवी युद्धाचा पट जरूर करावा. 1861 ते 1865 चे हे युद्ध गुलामगिरीसाठी देशातून फुटलेली दक्षिणेची राज्ये आणि उरलेले संघराज्य यांच्यातले. मात्र तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लिंकन याचे चित्र आणि दोन रंगांचा नकाशा एवढ्यावर थांबू नये. देश एकसंध ठेवण्यासाठी सुरू झालेली लढाई मुक्तीची लढाई कशी झाली आणि मुक्तीनंतर काय राहून गेले, हे पाहणाऱ्याला भिंतीवर दिसले पाहिजे.

आधी नकाशा. 22 × 30 इंचांच्या चार ड्रॉइंग शीट आडव्या धरून दोनावर दोन जोडा, म्हणजे साधारण 60 × 44 इंच जागा मिळते. जूनमध्ये कोल्हापूरची हवा दमट असते. पातळ गोंदाने जोडलेला कागद फुगतो आणि सांधे वर येतात. त्यामुळे मागून रुंद सेलोटेप लावा आणि सगळे सनबोर्डवर डबल टेपने चिकटवा. पश्चिमेकडून झड येते त्या भिंतीवर पट लावू नका.

प्रमाण 1 इंचाला 65 किलोमीटर ठेवा. टेक्सासपासून मेनपर्यंतचा भाग यात बसतो. कॅलिफोर्निया आणि ऑरेगन बाहेर राहतात, ती संघराज्यासोबत होती एवढे कडेला लिहा. खालच्या कोपऱ्यात साडेचार इंचांची रेघ मारून "कोल्हापूर ते मुंबई, सरळ रेषेत" असे लिहा. मग संघराज्याची वॉशिंग्टन आणि बंडखोरांची, व्हर्जिनियातली रिचमंड या दोन राजधान्या दाखवा. त्यांच्यात जेमतेम अडीच इंच अंतर पडते. व्हर्जिनियाची जमीन चार वर्षे का तुडवली गेली, हे मुलांना तिथेच कळते.

रंग दोन नकोत, चार हवेत. लिंकनने पदाची शपथ घेण्याआधीच फुटलेली सात राज्ये लाल करा: साउथ कॅरोलिना, मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, टेक्सास. 12 एप्रिल 1861 ला बंडखोरांनी संघराज्याच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्यानंतर गेलेली चार नारिंगी: व्हर्जिनिया, आर्कन्सा, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना. गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसुरी पिवळी. बाकीची निळी. हमखास चूक होते ती पिवळ्यात. ही चार राज्ये निळ्यात ढकलली की लिंकन सुरुवातीला गुलामगिरीवर एवढा जपून का बोलत होता, हे समजावताच येत नाही. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग 1863 मध्ये वेगळे राज्य झाला, तिथे तिरक्या रेघा ओढा.

आता काळ्या गोल टिकल्या. दर 50 हजार गुलामांमागे एक टिकली लावा. 1860 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 3 कोटी 14 लाख होती, त्यात गुलाम साडेएकोणचाळीस लाख. व्हर्जिनियात 10 टिकल्या, जॉर्जिया, अलाबामा आणि मिसिसिपीत प्रत्येकी 9, साउथ कॅरोलिनात 8, लुइझियाना आणि नॉर्थ कॅरोलिनात 7, टेनेसीत 6, केंटकीत 5, टेक्सासमध्ये 4, मिसुरी, आर्कन्सा आणि मेरीलँडमध्ये 2, फ्लोरिडात 1. डेलावेअरमध्ये दोन हजारही नव्हते, तिथे टिकली लागत नाही. साउथ कॅरोलिनाजवळ मात्र चिठ्ठी हवीच: शंभरातली 57 माणसे गुलाम, आणि 20 डिसेंबर 1860 ला सर्वांत आधी फुटलेले राज्यही हेच.

"युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते" असे कुणीतरी म्हणेलच. त्यासाठी एक पुठ्ठा तयार ठेवा. मिसिसिपीने फुटताना काढलेल्या जाहीरनाम्यातच आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली असल्याचे म्हटले आहे. शिवाय 1850 च्या कायद्याने पळून आलेला गुलाम परत देण्याची सक्ती उत्तरेतल्या राज्यांवर केली, तेव्हा त्या राज्यांचे हक्क दक्षिणेला आठवले नव्हते.

दुसरा भाग काळपट्टीचा. एक फूट रुंद ब्राउन पेपर घ्या, 1 महिन्याला 1 इंच धरा. नोव्हेंबर 1860 पासून एप्रिल 1877 पर्यंत साडेसोळा फूट लागतात, व्हरांडा त्यासाठीच आहे. जागा पुरेना म्हणून 1865 नंतरचे प्रमाण आखडू नका. युद्ध चार फूट आणि पुढची पुनर्रचना, म्हणजे हरलेली राज्ये संघराज्यात परत घेण्याचा काळ, बारा फूट, हे चालत जाताना कळायला हवे.

पट्टीवर दोन रिबिनी लावा: निळी ऐक्याची, पिवळी मुक्तीची. निळी पहिल्या इंचापासून. पिवळी मे 1861 पासून, कारण तेव्हा फोर्ट मनरो या संघराज्याच्या किल्ल्यात पळून आलेल्या तीन गुलामांना परत देण्यास तिथले सेनाधिकारी बटलर यांनी नकार दिला. मुक्तीकडे पहिले पाऊल गुलामांनी स्वतः टाकले, हे इथे ठसठशीत लिहा. 1 जानेवारी 1863 ला, म्हणजे 26 व्या इंचावर, लिंकनच्या मुक्तीच्या घोषणेपाशी दोन्ही रिबिनींची गाठ मारा. तिथल्या चिठ्ठीवर "सर्व गुलाम मुक्त झाले" असे लिहू नका. ही घोषणा फक्त बंडखोर भागांपुरती होती. पिवळी चार राज्ये आणि टेनेसी तिच्यातून वगळली होती. पण तिने कृष्णवर्णीयांना सैन्याचे दार उघडले आणि सुमारे 1 लाख 80 हजार जण भरती झाले. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर, यांना 10, त्यातूनही कपड्यांचे 3 कापून. जून 1864 मध्ये पगार सारखा झाला.

बंडखोर खासदार निघून गेल्याने 1862 मध्ये संसदेत अडलेले कायदे मोकळे झाले: 160 एकर सरकारी जमिनीचा, पॅसिफिक रेल्वेचा, शेती महाविद्यालयांचा. ही चिठ्ठी लढायांच्या गर्दीत हरवू देऊ नका, आजची अमेरिका तिच्यातही आहे. लढाया तीनच पुरे: अँटिएटम, गेटिसबर्ग, विक्सबर्ग. मृतांचा रूढ आकडा 6 लाख 20 हजार, म्हणजे दर 50 माणसांमागे एक. नंतरचा एक अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातो, तोही लिहा.

9 एप्रिल 1865 च्या दक्षिणेच्या मुख्य सेनेच्या शरणागतीनंतर निळी रिबीन सरळ जाते. पिवळीवर डिसेंबर 1865 (गुलामगिरी बंद), जुलै 1868 (नागरिकत्व) आणि फेब्रुवारी 1870 (मतदान) या तीन घटनादुरुस्त्या लावा. पहिलीतली "गुन्ह्याची शिक्षा वगळता" ही पळवाट लाल पेनने अधोरेखित करा. 1865 च्या अखेरीसच मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेल्या माणसाने दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवावा. जमीन मिळालीच नाही, मग वाट्याने कसायची आणि दुकानदाराच्या खात्यावर जगायचे. ऊसतोडीतली उचल ठाऊक असलेल्या मुलांना हे फोडून सांगावे लागत नाही. एप्रिल 1877 ला, दक्षिणेतल्या शेवटच्या दोन राज्यांच्या सत्ताकेंद्रांवरून केंद्राचे सैनिक हटले तिथे, पिवळी रिबीन कातरून टोक मोकळे सोडा.

1873 जवळ पट्टीच्या खाली एक चिठ्ठी आपली लावा: त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना ते अर्पण केले. पट्टी संपल्यावर 1902 चा पुठ्ठा वेगळा टांगा, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात नोकऱ्यांच्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या त्याचा.

माहिती सांगणाऱ्या मुलांना नकाशा आणि पट्टी अशा दोन जागा वाटून द्या. एका वेळी 15 जणांपेक्षा जास्त घेऊ नका, मागच्यांना टिकल्या दिसत नाहीत. आणि सुरुवात टिकल्यांपासून करा, लिंकनपासून नको.