खाऊच्या पैशांचा हिशेब: सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी

मोबाइलवर स्कॅन केलं की सामान मिळतं, एवढंच हल्ली मुलांना दिसतं. पैसे कमी झालेले दिसत नाहीत. म्हणून सुरुवात नाण्यांनी करा. आठवड्याला ३० रुपये पुरेत, पण सुटे द्या. अख्ख्या नोटेची वाटणी करता येत नाही. वारही ठरवून टाका. तुम्ही विसरलात की मूल मागे लागतं, आणि हट्ट केला की पैसे मिळतात हेच शिकतं.

मातीचा गल्ला दिसतो छान, पण या वयाला नको. आत किती साठले ते कळत नाही आणि फोडल्याशिवाय हाती काही लागत नाही. त्यापेक्षा दोन पारदर्शक बरण्या घ्या, एक खर्चाची, एक साठवणीची. पैसे मिळाल्या मिळाल्या १० रुपये साठवणीत, २० खर्चात. पहिली हवी असलेली वस्तू ४० रुपयांपर्यंतचीच निवडा, म्हणजे चार आठवड्यांत हातात येते. ६०० रुपयांच्या रिमोटच्या गाडीला साठ आठवडे लागतील. तोवर कुठलं मूल थांबतंय!

खर्चाचे २० रुपये पहिल्याच दिवशी उडाले तर उडू द्या. पुढच्या आठवड्यातले आगाऊ दिलेत की सगळं मुसळ केरात. आणि रिक्षाला सुटे हवेत म्हणून बरणीत हात घालण्याची सवय मोठ्यांनीच सोडावी. घेतलेच तर आकडा लिहून चिठ्ठी आत टाका.

वाण्याकडे गर्दी नसताना ५० ची नोट देऊन पाठवा. मोड तपासायला वजाबाकी नको, पुढे मोजायला शिकवा: सामान ३८ चं, तर रुपयाची दोन नाणी ठेवून ३९, ४०, वर दहाचं नाणं, झाले ५०. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बिस्किटांच्या लहान-मोठ्या पुड्यांवरचं वजन वाचायला लावा. मोठा पुडा दरवेळी स्वस्त पडतोच असं नाही.

भाऊबीजेची ओवाळणी किंवा पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली ५०० ची नोट 'मी ठेवते हं' म्हणत घरखर्चात जिरते. दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाच्या स्वतःच्या नावाने बचत खातं निघतं, ५०० रुपयांत. पैसे भरायची स्लिप त्यालाच लिहू द्या. रक्कम अक्षरी लिहिताना हमखास खाडाखोड होते, तेव्हा कोऱ्या स्लिपा दोन-तीन जास्तच घ्या.