ड्रममधून टोल्युइन काढायचंय? आधी चिमटे, मग झाकण

'धूम्रपान निषिद्ध'ची पाटी बहुतेक ठिकाणी असते. आणि अनेकदा त्याच पाटीखाली कुणीतरी २०० लिटरच्या ड्रममधून प्लॅस्टिकच्या बादलीत टोल्युइनची (रंग-थिनरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ज्वलनशील द्रवाची) धार सोडत असतो. तिथे काडी ओढायला कुणी लागत नाही. ठिणगीपुरती वीज ती धारच तयार करते.

हा लेख एवढ्याच कामाचा आहे: ड्रममधून २० लिटरच्या धातूच्या कॅनमध्ये टोल्युइन घेणं. हेक्झेन किंवा झायलीन असे दुसरे ज्वलनशील द्रव असतील तरी रीत हीच.

जागा उघडी किंवा हवा खेळती हवी. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून थोडी जड असते. ती छताकडे जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरपटत उताराला आणि गटारात जाते. म्हणून वरचा झरोका उघडून समाधान मानू नका, हवा खालून ओढली गेली पाहिजे. सांडलेल्या एका लिटरची साधारण २२५ लिटर वाफ होते आणि हवेत १.१ टक्का वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं. म्हणजे एक लिटर २० घनमीटर हवेला, एका लहान खोलीला, पुरतो. पंखा, दिवा, पंपाची मोटर फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचू न देणारी) नसेल तर ती त्या जागेत नकोच. मोबाइल बाहेर ठेवा.

हातमोज्यांबाबत बाजारात भलतेच सल्ले मिळतात. लॅटेक्सचे किंवा पातळ निळे नायट्राइलचे मोजे टोल्युइनपुढे मिनिटांत फुगतात आणि ते आत झिरपू लागतं. व्हायटॉनचे (हे एक खास रबर) किंवा अनेक थरांच्या लॅमिनेटचे घ्या. पीव्हीएचे (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे) चांगले, पण पाण्यात विरघळतात, ओल्या हाताला नकोत. धुळीचा मास्क वाफेला काहीच करत नाही. सेंद्रिय वाफ शोषणारं कार्ट्रिज बसवलेला मास्क लागतो. नाकावर विसंबू नका. वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो आणि थोड्या वेळात नाक बधिर होऊन तो 'गेला' असं वाटतं. हवेत ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग) म्हणजे जिवाला तातडीचा धोका, आणि आगीची पातळी त्याच्या वीसपटीहून वर आहे. आगीचा धोका नाही म्हणून श्वासाचाही नाही, असं समजू नका.

आता खरा मुद्दा, अर्थिंग.

पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ एवढी दाट असते की आतल्या आत ती सहसा पेटत नाही. टोल्युइनचं तसं नाही. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते ते) ४ अंश सेल्सिअस, आणि पेट घेण्याची मर्यादा हवेत १.१ ते ७.१ टक्के. २५ अंशांना अर्धवट रिकाम्या ड्रममध्ये वाफ पावणेचार टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे मर्यादेच्या बरोबर मधोमध. चार अंशांपासून साधारण ३७ अंशांपर्यंत, म्हणजे आपण ज्या तापमानात काम करतो त्या जवळपास सगळ्या पट्ट्यात, ड्रममधली आणि कॅनमधली मोकळी जागा स्फोटक असते. ते मिश्रण पेटवायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. दाराच्या मुठीला हात लावताना बोटाला जाणवेल असा चटका साधारण एक मिलिज्यूलचा असतो. थोडक्यात, जी ठिणगी तुम्हाला कळणारही नाही, ती टोल्युइनला कळते.

ही वीज येते कुठून? द्रव नळीतून घासत जाताना विद्युतभार वेगळा होतो. टोल्युइन विजेचा फार वाईट वाहक असल्यामुळे तो भार पटकन निचरत नाही, द्रवाबरोबर कॅनमध्ये जाऊन साठतो. लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या चौथऱ्यावर ठेवलेला लोखंडी कॅन तो धरून ठेवतो. मग नळीचं टोक किंवा तुमचा हात जवळ आला की उडी, आणि तीही नेमकी कॅनच्या तोंडाशी.

उपाय दोन वायरींचा. एक ड्रमपासून अर्थिंगच्या पट्टीला, दुसरी ड्रमपासून कॅनला. एकच लावून 'अर्थ केलंय' म्हणणं हे अर्धंच काम. आणि ड्रम जमिनीवर उभा आहे म्हणजे अर्थ झालाच, हे तर साफ चूक: खाली पॅलेट असतो, बुडाला रंग असतो, फरशीला इपॉक्सीचा थर असतो.

वायरीच्या टोकाचा चिमटा कुठला, यावर सगळं अवलंबून. बॅटरी चार्जरचा स्प्रिंगवाला चिमटा रंगावर नुसता बसतो, दिसायला घट्ट आणि विजेच्या दृष्टीने हवेत लटकलेला. टोकदार स्क्रूचा सी-क्लॅम्प घ्या, ड्रमच्या वरच्या कडेला लावा आणि स्क्रू रंग फोडून चकचकीत पत्र्यात रुतेपर्यंत पिळा. कॅनच्या हँडलला कधीच लावू नका. ते कड्यात सैल हलतं, मधे गंज असतो, वर प्लॅस्टिकची मूठ असते. वायर उघडी, विणलेल्या तांब्याची असावी. वेष्टणातली वायर आतल्या आत तुटली तरी बाहेरून धडधाकट दिसते.

मग मल्टीमीटर. ड्रमच्या दुसऱ्या बाजूचा उघडा पत्रा आणि अर्थिंगची पट्टी यांच्यामध्ये रोध १० ओहमच्या आत हवा, ड्रम आणि कॅन यांच्यामध्येही तेवढाच. जास्त आला तर क्लॅम्प सोडून दुसरीकडे पिळा, आकडा जुळेपर्यंत. ही तपासणी झाकण उघडण्याआधी करायची. साधा मल्टीमीटर वाफेत नेण्याची वस्तू नव्हे.

क्रमही इथेच चुकतो. चिमटे आधी, मग ड्रमचं झाकण, मग कॅनचं. काम संपल्यावर दोन्ही झाकणं घट्ट, आणि चिमटे सर्वांत शेवटी. उघड्या तोंडाशेजारी चिमटा काढलात तर जी ठिणगी टाळायला एवढा खटाटोप केला, ती तुम्ही स्वतःच पाडाल.

प्लॅस्टिकच्या कॅनला वायर लावून काही होत नाही. प्लॅस्टिकवरचा भार वायरीपर्यंत वाहतच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये खोचलेलं पत्र्याचं नरसाळं: भार साठवायला सुटा धातू, आणि तोही वाफेच्या तोंडावर. आणखी एक लाडका सल्ला म्हणजे 'फरशीवर पाणी मारा, दमट हवेत काही होत नाही.' दमटपणाने कपड्यांवरचा भार कमी होतो, द्रवात साठलेला नाही. आपटल्यावर ठिणगी न पाडणारा पितळी पाना वापरायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर अर्थिंग सोडू नका.

तुम्हीही एक धातूचा डबाच आहात असं समजा. सुती कपडे, अँटिस्टॅटिक बूट, आणि मोजे चढवण्याआधी उघड्या हाताने अर्थ केलेल्या ड्रमला स्पर्श. जवळपास उभं राहून जॅकेट काढायचं नाही.

एवढं झालं की उरलेलं सोपं.

हातपंप ड्रमच्या मोठ्या तोंडात बसवा, लहान तोंड हवेसाठी सैल करा. ड्रममध्ये हवेचा दाब सोडून द्रव ढकलू नका, आणि तोंडाने ओढून सायफन तर कधीच नको. टोल्युइन पोटापेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त वाईट. म्हणूनच कुणी गिळलं तर उलटी करवत नाहीत, थेट डॉक्टरकडे नेतात.

नळी वीज वाहून नेणारी घ्या, तिचं टोक कॅनच्या तळाला टेकवा. वरून धार सोडली की शिंतोडे उडतात, आणि शिंतोडे म्हणजे जास्त भार आणि जास्त वाफ. टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवा. २५ मिलिमीटरच्या नळीत हे मिनिटाला साधारण ३० लिटर होतात, म्हणजे शेवटपर्यंत याच वेगाने गेलात तरी कॅन ४० सेकंदांत भरतो. यात घाई करून वाचणार काय? वाटेत बारीक गाळणी बसवू नका, ती भार कित्येक पटींनी वाढवते. १९ लिटरला थांबा, कारण उन्हात द्रव फुगतो. पंप थांबल्यावर अर्धा मिनिट काही हलवू नका, भार निचरू द्या. मग नळी काढा.

सांडलं तर आधी गटाराचं तोंड झाका, मग कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (द्रव शोषणारं हलकं खनिज) टाका. भुसा नको. चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात. आग लागली तर फोम, ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड. पाण्याच्या फवाऱ्याने टोल्युइन पाण्यावर तरंगत पसरतं. आणि आग नसताना 'खबरदारी म्हणून' वाफेवर कार्बन डायऑक्साइड मारू नका, त्या झोतातही स्थिर वीज तयार होते.

राहिला रिकामा ड्रम. तळाशी पेलाभर टोल्युइन उरलं तरी आत वाफ तेवढीच, आणि ती पेटायला भरलेल्या ड्रमपेक्षा जागा कितीतरी जास्त. झाकण लावून, लेबल न काढता परत पाठवा. त्याची कचरापेटी किंवा शेगडी करायला कुणी गॅस कटर आणला, तर कटर पेटण्याआधी ड्रम तिथून हलवा.