हिकरी नसली तर कुऱ्हाडीला दांडा कशाचा घालावा?

ऑनलाइन मागवलेल्या कुऱ्हाडीवर ‘हिकरी हँडल’ असं मिरवलेलं असतं. हिकरी म्हणजे उत्तर अमेरिकेतलं झाड, पेकान या अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या झाडाचं भावंड. लाकूड घनमीटरला साधारण 800 किलो, सागाहून जड. पण नाव झालं ते लवचिकपणामुळे: घाव पोटात घेतं, तडकत नाही. म्हणून तिकडे गाडीच्या चाकाचे आरे आणि ड्रमच्या काड्याही त्याच्याच. कुंपणाच्या खांबाला मात्र नको. ओल लागली की कुजतं.

आपल्या जंगलात हे गुण धावड्यात आहेत. हो, लाडवातल्या डिंकाचा धावडा. त्याला इंग्रजीत ‘ॲक्सलवुड’, म्हणजे आसाचं लाकूड म्हणतात. तिवसही चांगला, पण स्वतःच्या शेतातला असला तरी परवानगीशिवाय तोडू नका. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत तो आहे. सोपी म्हणजे बांधावरची बाभूळ. मी एकदा सागाचा तुकडा घेऊन गेलो, तर आमचे सुतारकाका म्हणाले, “दार करू राह्यला का बाप्पा?”

बाभळीचं सरळ, बिनगाठीचं खोड घ्या आणि करवतीने न कापता पाचर ठोकून उभं फाडा. फाटताना रेषा जिकडे वळते तिकडेच दांडा उद्या तुटणार, ते तिथेच दिसतं. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा खातो, ते काढून लाल गाभा ठेवा. टोकांना शेण लिंपून सावलीत वाळवा. इंचभर जाडीला वर्ष धरा. घाई केली तर चिरा पडतात.

वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासून घ्या. टोकाकडून पाहिलं तर वर्षवलयांच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या दिसायला हव्यात, आडव्या नकोत.

दांडा बसवायचा तो चैत्र-वैशाखातच. पावसाळ्यात घट्ट बसवलेला उन्हाळ्यात आटतो आणि पातं निसटून कुणाच्या तरी नडगीवर जातं. वरच्या टोकाला चीर पाडा, पात्याच्या नेढ्यात (भोकात) दांडा ठोका, मग चिरेत वाळक्या लाकडाची पाचर. ढिला झाला की कुऱ्हाड रात्रभर टाक्यात बुडवायची सवय सोडा: फुगलेलं लाकूड नेढ्यात चेपतं, वाळल्यावर आणखी ढिलं होतं. नवी पाचर मारा.

शेवटी जवसाचं तेल दोन-तीन हात चोळा. व्हार्निश नको, तळहाताला फोड येतात. तेलाचं फडकं मात्र चुरगळून गुरांच्या कोठ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं, आणि शेजारीच कुटाराचा, म्हणजे वाळक्या चाऱ्याच्या भुशाचा, ढीग असतो. उन्हात पसरून वाळवा.